शेड्यूल : एका चिठोऱ्याची कुळकथा

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात चारठाणा नावाचे गाव आहे. जुनी देवळे आणि कोरीव दगडी स्तंभ यांमुळे पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना ते ठाऊक असते. मला ते ठाऊक आहे ते माझे गाव म्हणून. दगडावर कोरलेले वाचायला बाहेरगावची माणसे येत. पण शब्दांवरही काही कोरलेले असते, ही गोष्ट मला इंग्रजीचा शिक्षक झाल्यावरच कळली. निवृत्तीनंतर मी वस्तीतील मुलांना संध्याकाळी विहारात इंग्रजी शिकवतो. एकदा वर्गात आठवीतल्या एका मुलाने मला विचारले :

"सर, माझे बाबा एस.टी.त कंडक्टर हाईत. घरातून निघताना रोज म्हनतेत, आज माझं शेड्यूल जिंतूर-परभणी हाय. आन् माझ्या दाखल्यावर बी 'शेड्यूल्ड कास्ट' लिवलंय. बाबाचं शेड्यूल आन् माझं शेड्यूल एकच हाय का?"

मुले हसली. मला हसता आले नाही. तीस वर्षे मी हा शब्द फळ्यावर लिहिला होता. त्याचे अवघड स्पेलिंग पोरांकडून घोकून घेतले होते. नोकरीच्या अर्जावर, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर, जनगणनेच्या वेळी तो स्वतःपुढे लावून घेतला होता. पण ज्या शब्दाने राज्यसंस्था मला ओळखते, तो मुळात आहे तरी काय, हे मी कधी खोदून पाहिले नव्हते. त्या मुलाला दिलेले उत्तर थोडे विस्ताराने येथे मांडतो आहे. आपल्या कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना ते उपयोगी पडावे.

शब्द प्राचीन आहे. लॅटिनमध्ये 'स्केडा' म्हणजे पपायरसच्या झाडापासून केलेल्या कागदाची पट्टी. तिचे लघुरूप 'स्केड्युला', म्हणजे छोटी पट्टी, चिठोरा. तेथून तो जुन्या फ्रेंचमध्ये 'सेड्यूल' झाला आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्या काळच्या इंग्रजीत त्याचा अर्थ एवढाच होता : काहीतरी लिहिलेला कागदाचा तुकडा. पुढे पंडितांनी लॅटिनची आठवण ठेवण्यासाठी स्पेलिंगमध्ये जादा अक्षरे घुसवली. त्या अक्षरांमुळे इंग्रज 'शेड्यूल' म्हणू लागला. अमेरिकेत कोशकार नोहा वेब्स्टर याने ग्रीक मुळाकडे बोट दाखवून 'स्केड्यूल' हा उच्चार पुढे केला. म्हणजे खुद्द इंग्रजांनीच या शब्दाचे तीन उच्चार केले आहेत. कॉलेजात असताना माझ्या तोंडून 'शेडूल' असा उच्चार गेला आणि मागच्या बाकावरून हशा पिकला होता. आज वाटते, चौथा उच्चार आमच्या वस्तीचा. त्यात लाजण्यासारखे काय आहे?

ती लॅटिन पट्टी आली कोठून? बहुतेक कोशकार तिचा संबंध ग्रीक भाषेतील 'फाडणे, चिरणे' या अर्थाच्या धातूशी जोडतात. लाकडाची चिरफळी काढावी तशी फाडून काढलेली पट्टी, असा तो अर्थ. ख्रिस्ती धर्मसंघात फूट पडली की तिला इंग्रजीत 'स्किझम' म्हणतात, तो शब्दही याच धातूचा. या ग्रीक धातूचा सख्खा भाऊ संस्कृतात आहे. तो म्हणजे 'छिद्'. छेद, छिद्र, छिन्न, विच्छेद हे सारे त्याचेच गोत. आणि आपण स्वतःसाठी निवडलेला शब्द कोणता? दलित. 'दल्' म्हणजे फुटणे, दुभंगणे. तूर भरडून दोन फाका केल्या की तिची डाळ होते, ती याच अर्थाने. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यांच्या मूळ पूर्वजांना 'ब्रोकन मेन' म्हटले, म्हणजे आपल्या टोळ्यांपासून फुटून विखुरलेली माणसे. सरकारने दिलेले नाव आणि आपण घेतलेले नाव, दोन्ही तळाशी 'फाटलेपणा'लाच जाऊन भिडतात.

येथे एक इशारा दिला पाहिजे. शब्दाच्या मुळावरून माणसाचा निवाडा करायचा नसतो. व्युत्पत्ती हे हत्यार आहे आणि ते आपल्यावर पुष्कळ वेळा चालवले गेले आहे. 'महार' हा शब्द कुणी 'मृताहारी'पासून काढला आणि मेलेले ढोर खाणे ही जणू आमची जन्मखूण ठरवली. जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त तोच शब्द 'महाअरी', म्हणजे मोठा शत्रू, असा फोडून बाजी उलटवली. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशाला जोडलेल्या टिपणात जॉन विल्सन यांनी तर महाराष्ट्र म्हणजे महारांचे राष्ट्र अशी शक्यता मांडली. एकच शब्द, पण तो कोण फोडतो यावर त्यातून काय निघते ते ठरते. तेव्हा 'शेड्यूल' आणि 'दलित' यांची मुळे अर्थाने जवळ आली हा योगायोगच आहे, आणि तो योगायोग म्हणूनच घ्यावा.

पण त्या 'छिद्' धातूची एक जागा मात्र नजरेआड करता येत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दंडाचे नियम आहेत. अंत्यजाने ज्या अवयवाने श्रेष्ठ वर्णाच्या माणसाला इजा केली असेल तो अवयव छाटावा, असे तेथे सांगितले आहे. आणि 'छाटावा' यासाठी जे क्रियापद आले आहे ते याच 'छिद्' धातूचे. ज्या ग्रंथाचे २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला दहन झाले, त्या ग्रंथात हा धातू अंत्यजाच्या अंगावर सुरी होऊन चालतो. आणि १९५० च्या कायद्यात त्या धातूच्या युरोपातील भावंडापासून निघालेला चिठोरा त्याच अंत्यजाच्या हातात हक्काचा कागद म्हणून येतो. हे कुणी ठरवून केलेले नाही. परंतु दोन कायद्यांमधले अंतर समजून घ्यायला एवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कंडक्टरचे शेड्यूल आणि जातीच्या दाखल्यावरचे शेड्यूल यांची वाट कोठे फुटली?

जुन्या काळी मोठ्या दस्तऐवजात सगळा तपशील मावत नसे. जमिनींची नावे, घरातील सामानाची यादी, देण्याघेण्याच्या रकमा असे सारे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी मूळ दस्ताला जोडत. ती जोडचिठ्ठी म्हणजे शेड्यूल. पार्लमेंटचे कायदे होऊ लागले तेव्हा कायद्याच्या पाठीमागे जोडलेल्या यादीलाही हाच शब्द लागला. याद्यांमध्ये वेळांच्याही याद्या असतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रेल्वे पसरली, गाड्यांच्या वेळांची यादी लागू लागली आणि 'शेड्यूल'चा अर्थ वेळापत्रक असा झाला. एस.टी.च्या डेपोतील शेड्यूल हे त्या रेल्वेच्या वाटेने आलेले; आमच्या दाखल्यावरचे शेड्यूल कायद्याच्या वाटेने आलेले. घराणे एकच, शाखा दोन.

कायद्याच्या शाखेत आमची सोयरीक कुणाकुणाशी आहे ते पाहण्यासारखे आहे. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये ज्या बँकेचे नाव असते ती 'शेड्यूल्ड बँक'. हे दोन शब्द बँका दर्शनी पाटीवर अभिमानाने लिहितात. औषधाच्या पाकिटावर 'शेड्यूल एच' छापलेले असते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते औषध विकू नये असा त्याचा अर्थ. आणि ज्या मराठी भाषेत मी हे लिहितो आहे, तीसुद्धा राज्यघटनेच्या आठव्या शेड्यूलमध्ये आहे म्हणून 'शेड्यूल्ड' भाषा आहे. आठव्या शेड्यूलचा उल्लेख करताना मराठीच्या प्राध्यापकांचा ऊर भरून येतो. तेच प्राध्यापक स्टाफरूममध्ये 'ते शेड्यूलवाले' म्हणताना आवाज खाली आणतात. बँकेला जो शब्द पत मिळवून देतो आणि भाषेला जो मान देतो, तोच माणसाच्या मागे लागला की शिवी कसा होतो? दोष शब्दात नाही. तो ऐकणाऱ्याच्या कानात बसलेल्या जातीत आहे.

या शब्दाचे एक भावंड स्पॅनिश भाषेत आहे. तेथे 'सेदुला' म्हणजे ओळखीचा कागद. फिलिपाइन्सवर स्पेनचे राज्य होते तेव्हा तेथील प्रजेला कर भरून ही सेदुला घ्यावी लागे आणि जवळ बाळगावी लागे. १८९६ च्या ऑगस्टमध्ये बोनिफासियो आणि त्याच्या साथीदारांनी त्या सेदुला जाहीरपणे टराटरा फाडल्या आणि स्पेनविरुद्ध उठाव पुकारला. मग आपण आपला कागद का फाडत नाही, असे एखादा तरुण विचारील. त्याचे उत्तर असे की कागद फाडायचा की जपायचा हे त्या कागदावर कोण कुणाचे देणे लागतो यावरून ठरते. फिलिपाइन्सच्या माणसाची सेदुला सांगत होती की तो राजाचे देणे लागतो. आपला चिठोरा सांगतो की हा समाज आपले देणे लागतो.

हे देणे कागदावर कसे चढले ते पाहू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस सरकारी इंग्रजीत आम्हाला 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हणत. मराठीत त्याचे 'दलित वर्ग' झाले. त्या नावात दाबले गेल्याची कबुली होती, पण खाली मान घातलेल्या माणसाचे चित्रही होते. १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या वेळी बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी हे नाव बदलावे अशी मागणी केली आणि 'प्रोटेस्टंट हिंदू', 'नॉन-कॉन्फॉर्मिस्ट हिंदू' यांसारखे पर्याय सुचवले. १९३२ च्या पुणे करारानंतर 'हरिजन' हे नाव देशभर पसरवण्यात आले. त्यात दया होती, देव होता. हक्क मात्र नव्हता. १९३८ च्या जानेवारीत मुंबईच्या विधिमंडळात एका विधेयकात हा शब्द आला, तेव्हा भाऊराव गायकवाडांनी त्याला हरकत घेतली आणि बाबासाहेबांसह स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. नाव कुणी ठेवायचे, हा त्यांच्या दृष्टीने किरकोळ प्रश्न नव्हता.

दरम्यान १९३५ च्या गव्हर्न्मेंट ऑफ इंडिया अॅक्टमध्ये 'शेड्यूल्ड कास्ट्स' हा शब्द कायद्याच्या भाषेत आला. पूर्वी ज्यांना डिप्रेस्ड क्लासेस म्हणत त्यांच्याशी जुळणाऱ्या जातींची यादी सरकारने जाहीर करावी, असे त्यात होते. ती यादी १९३६ च्या हुकुमाने निघाली. शब्द कोरडा, कचेरीतला. पण त्या कोरडेपणातच त्याचे मोल आहे. तो कीव करत नाही, कौतुक करत नाही, देवाचे लेकरू म्हणत नाही. तो एवढेच सांगतो की अमुक जातीचे नाव अमुक कागदावर आहे आणि म्हणून तिला अमुक हक्क आहेत. ज्यांना हजारो वर्षे विशेषणांनीच मारले, त्यांना विशेषण नसलेला शब्द मिळाला. १९४२ मध्ये नागपूरला पक्ष उभा राहिला तेव्हा त्याचे नावही 'शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन' असे ठेवले गेले. मराठी माणसाने त्याचे 'शेकाफे' केले. आमच्या वाडवडिलांच्या कानावर 'शेड्यूल' आले ते सरकारी कागदातून नव्हे, 'शेकाफे'च्या निळ्या झेंड्याबरोबर. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के जागा या यादीतील लोकांसाठी राखल्या गेल्या, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते.

पण चारठाण्याला १९३६ ची ती यादी लागू नव्हती. आम्ही निजामाच्या मुलखात होतो. ब्रिटिश प्रांतांची यादी संस्थानांना नव्हती. १९३१ च्या हैदराबाद संस्थानच्या खानेसुमारीत आमच्या लोकांना 'आदि-हिंदू' या सदराखाली घातले होते. गावात मात्र 'धेड' म्हणत. धड नसलेल्या भाषेला मराठीत 'धेडगुजरी' म्हणतात. त्या शब्दातून आजही आमची हेटाळणी चालू आहे आणि लिहिणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. १० ऑगस्ट १९५० ला राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला आणि त्यात हैदराबाद राज्याचीही यादी आली. चारठाण्याच्या महारवाड्याच्या आणि मांगवाड्याच्या हातात हा चिठोरा प्रथम पडला तो त्या दिवशी.

पुष्कळ शिकलेल्यांचा असा समज असतो की आपल्या जातींची यादी घटनेच्या एखाद्या शेड्यूलमध्ये आहे. तसे नाही. घटनेची बारा शेड्यूल उलटून पाहिली तरी त्यात 'महार' किंवा 'मांग' हा शब्द सापडणार नाही. घटनेच्या ३४१ व्या कलमाने राष्ट्रपतींना आदेश काढण्याचा अधिकार दिला आणि यादी त्या आदेशाला जोडलेली आहे. एकदा आदेश निघाल्यावर त्यात नाव घालायचे किंवा काढायचे तर ते काम फक्त संसदेचे; राज्य सरकारला तो अधिकार नाही. निवडणुकीच्या सभेत 'तुम्हाला यादीत घालतो' म्हणून जे पुढारी आश्वासन देतात त्यांना हे कलम वाचून दाखवावे.

मराठीत या शब्दाला 'अनुसूची' असा प्रतिशब्द आहे. संस्कृतात सूची म्हणजे यादी, आणि सूची म्हणजे सुईसुद्धा. आपली सुई त्या सूचीपासूनच आली. जोडचिठ्ठीसाठी हा शब्द चांगला बसला आहे. आमची आजी फाटक्या धडुत्यांचे तुकडे सुईने एकाला एक जोडून वाकळ शिवायची. तुकडे तुकडेच राहतात, पण थंडीत अंगावर घ्यायला एक काहीतरी तयार होते.

यादीचा क्रम पाहा. महाराष्ट्राच्या यादीत ५९ नोंदी आहेत. चांभार ही जात अकराव्या नोंदीत येते, महार सदतिसाव्या, मांग-मातंग सेहेचाळिसाव्या. हा क्रम इंग्रजी वर्णमालेचा आहे, प्रतिष्ठेचा नाही. मला यात मोठी गोष्ट दिसते. या देशात जातींच्या याद्या हजारो वर्षे होत्या. पण प्रत्येक यादी म्हणजे शिडी होती. वर कोण, खाली कोण, त्याखाली कोण, यासाठीच ती यादी. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले ती हीच. शेड्यूल ही मात्र शिडी नव्हे. ती आडवी मांडलेली यादी आहे. तिच्यात कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही. अक्षर जेथे पडेल तेथे नाव.

हे कागदावर झाले. वस्तीत काय झाले? माझ्या लहानपणी महारवाडा वेगळा होता, मांगवाडा वेगळा होता, आणि आम्ही मांगवाड्यातले पाणी पीत नव्हतो. गावाने आम्हाला विहिरीवर चढू दिले नाही याचा संताप आम्ही व्यक्त करत असू, आणि आमच्यापेक्षा खालचा म्हणून कुणाला तरी आडाजवळून हाकलतही असू. यादीने आम्हाला एका ओळीत बसवले. आम्ही मनात शिडी जपून ठेवली. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १ ऑगस्ट २०२४ रोजी, अनुसूचित जातींमध्ये पोटवर्गवारी करायला राज्यांना मुभा आहे, असा निकाल दिला. त्यावर आपल्यात मोठे मतभेद आहेत, आणि ते मोकळेपणाने मांडले जावेत. पण मांडण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा : यादीतल्या ज्या नोंदीपर्यंत पुस्तक, वसतिगृह आणि नोकरी पोचलीच नाही, तिच्या दारात मी किती वेळा गेलो?

आता चिठोऱ्याच्या दुसऱ्या बाजूकडे वळतो. चिठोरा हक्क देतो, पण तो हातचा सुटूही शकतो. १९५० च्या आदेशात असे होते की हिंदू धर्माव्यतिरिक्त दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही. १९५६ मध्ये त्यात शीख धर्माची भर पडली. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. बौद्ध झालो म्हणजे केंद्राच्या यादीतून बाहेर पडलो. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्राने मात्र १९९० पर्यंत वाट पाहायला लावली. म्हणजे चौतीस वर्षे. त्या चौतीस वर्षांत आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि माझ्या दाखल्यावर 'हिंदू-महार' लिहिलेले होते. वडील म्हणायचे, "कागदाला सांगू नको, घराला सांग." एका चिठ्ठीसाठी माणसाला स्वतःच्या विवेकाशी असे दुटप्पी वागावे लागले. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेले आपले भाऊ आजही या यादीबाहेर आहेत. धर्म बदलल्याने जात जात नाही हे गावाला पक्के ठाऊक आहे. ते यादीला अजून ठाऊक व्हायचे आहे.

आणि चिठोऱ्याला पुरावा म्हणून दुसरा चिठोरा लागतो. महाराष्ट्रात जात पडताळणीचा २००० सालचा कायदा २००१ पासून लागू झाला. अर्जदाराच्या कुटुंबाचे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे वास्तव्य आणि जात दाखवणारे कागद त्यात मागितले जातात, आणि आपली जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्ज करणाऱ्यावरच असते. खोट्या दाखल्यांवर आपल्या जागा लुटल्या जातात, म्हणून अशा कायद्याची गरज आहे हे मला मान्य आहे. पण ज्याला शाळेच्या ओट्यावरही चढू दिले नाही त्याच्याकडे १९५० पूर्वीचा कागद कोठून यावा?

माझ्या पुतण्याच्या वेळी हा प्रश्न आमच्या घरात आला. माझे वडील शाळेत गेले नव्हते. थोरले चुलते निजामाच्या काळात काही महिने शाळेत बसले होते असे घरात बोलले जाई. मी जुने रजिस्टर शोधले. ते उर्दूत होते आणि साल फसली १३५६, म्हणजे १९४६-४७. गावातल्या एका निवृत्त उर्दू मास्तरांनी ते मला वाचून दाखवले. चुलत्यांचे नाव सापडले. जातीच्या रकान्याशी येऊन मास्तर थांबले, माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, यहाँ 'धेड' लिखा है." मी म्हणालो, वाचा, त्यात तुमचा काय दोष?

तो उतारा घेऊन मी एका कार्यालयात गेलो. तेथील कारकुनाने यादी उघडून मला दाखवली. सदतिसाव्या नोंदीत महार, मेहरा, तराळ, धेगू-मेगू. आणि अडतिसाव्या नोंदीत म्याहवंशी, धेड, वणकर, मारू वणकर. "तुमचा कागद अडतीसचा आहे, तुम्ही सदतीस सांगताय," तो म्हणाला. गावाने जी शिवी आम्हाला सत्तर वर्षांपूर्वी दिली, तीच आता आमच्या हक्काच्या आड आली होती. पुढे चौकशी झाली, दुसऱ्या एका नातलगाच्या नोंदीत 'महार' असा स्पष्ट शब्द मिळाला आणि काम झाले. पण पोराचे एक वर्ष गेले. त्या कारकुनाला मी दोष देत नाही. तो चिठोरा वाचत होता. चिठोऱ्याला माणूस वाचता येत नाही, एवढेच.

गावाला मात्र माणूस वाचायला कागद लागत नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. त्या वेळी कुणाचे घर जाळायचे हे ठरवायला कुणी दाखला मागितला नाही, पडताळणी केली नाही. गावाचे स्वतःचे शेड्यूल आहे. ते छापलेले नाही. ते पाठ असते. म्हणून 'आता जात कुठे राहिली, तो कागद फेकून द्या' असे जे आपल्याला सांगतात त्यांना मी म्हणतो : आधी गावाची पाठ असलेली यादी पुसा, मग आमच्या छापील यादीचे बोला. पाठ यादीवर उतारा म्हणूनच छापील यादी आली आहे.

त्या मुलाला मी शेवटी जे सांगितले ते असे. शेड्यूल हे तुझे नाव नाही. तुझे नाव तू घेशील ते : बौद्ध म्हण, दलित म्हण, माणूस म्हण. शेड्यूल ही पावती आहे. पावती कुणी कपाळावर चिकटवून मिरवत नाही आणि लाजेने लपवूनही ठेवत नाही. देणे फिटेपर्यंत ती नीट जपून ठेवायची असते. आणि तुझ्या बाबांच्या शेड्यूलशी तिचे एक नाते आहेच. जिंतूरची गाडी वेळेवर परभणीला पोचवायची ही त्यांच्यावरची जबाबदारी. आपल्या शेड्यूलमध्येही अशीच एक जबाबदारी लिहिलेली आहे. ती आपल्यावर नाही, राज्यावर आणि समाजावर आहे.

मुलगा क्षणभर विचार करून म्हणाला, "मंग सर, ही गाडी लईच लेट हाय."

त्यानंतर आम्ही एक काम हाती घेतले आहे. विहारात येणारी मोठी मुले वस्तीतील प्रत्येक घरी जाऊन जुने कागद पाहतात. शाळेचा निर्गम उतारा, जमिनीचा उतारा, निजामाच्या काळची एखादी उर्दू किंवा मोडी चिठ्ठी असे जे असेल त्याची नक्कल करून ठेवतात. उर्दू वाचायला ते मास्तर येऊन बसतात. मांगवाड्यातील घरेही त्यात आहेत, आणि वहीत नावे आम्ही अक्षरक्रमाने लिहितो आहोत. प्रत्येक गावात असे दोन-चार विद्यार्थी आणि एक शिक्षक सहज मिळतील. ज्या म्हाताऱ्यांना जुने काही आठवते आहे, ते आहेत तोवर हे काम उरकले पाहिजे.